नावांची वही आणि अनेकांचे हात

वसंत व्याख्यानमाला म्हटली की वक्ता, व्यासपीठ आणि भरलेले सभागृह डोळ्यांपुढे उभे राहते. या सर्वांच्या मागे असलेली वही मात्र सहसा कुणाला दिसत नाही. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि पुढे तिचे लोण महाराष्ट्रातील लहानमोठ्या गावांपर्यंत पोचले. जेथे जेथे ती पोचली, तेथे तेथे एखाद्या कार्यकर्त्याच्या काखोटीला एक वही आली. कोणत्या वक्त्याला केव्हा पत्र घातले, सभागृह कोणत्या तारखेला मिळाले, वर्गणी कोणी दिली, सतरंज्या कोणाकडून आणल्या, हे सारे त्या वहीत असते. वही नीट असेल तर समारंभ नीट होतो. ती हरवली की पुढल्या वर्षी सर्व काही पहिल्यापासून सुरू करावे लागते.

आज या वहीची जागा संगणकाने घेतली आहे. माणसांचे पत्ते व मोबाईल नंबर आणि कार्यक्रमांच्या तारखा व उपस्थिती यांची एकत्र नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरला संपर्क व कार्यक्रम व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर म्हणतात. असे सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांचे पथक स्वतःच्या उपयोगासाठी तयार करते, तेव्हा त्यात इतरांनी हातभार कसा लावावा, हा आजचा आमचा विषय आहे. हा प्रश्न केवळ अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचा नाही. त्या यादीत ज्यांची नावे जाणार, त्या सर्वांचा तो आहे.

विषय हवेत राहू नये म्हणून आपण एक गाव डोळ्यांसमोर ठेवू. परभणी जिल्ह्यातील सेलू तालुक्यात वालूर हे गाव आहे. तेथील वर्तुळाकार बारव प्रसिद्ध आहे. तिच्या पायऱ्या भिंतीच्या कडेने वळत वळत खाली पाण्याकडे जातात, आणि वरून पाहणाऱ्याला शंखाच्या आतल्या वळणाची आठवण होते. अशा जुन्या बारवांतील गाळ व झुडपे श्रमदानाने काढण्याचे काम अलीकडे महाराष्ट्रात बरेच झाले असून अनेक बारवांत आता महाशिवरात्रीला दीपोत्सवही होतात. आता असे समजा की एखाद्या महाविद्यालयाचे राष्ट्रीय सेवा योजनेचे पथक वालूरला शिबिरासाठी आले आहे. ही योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत सुरू झाली. तिच्यातील स्वयंसेवक दोन वर्षांत २४० तास सेवा करतो आणि सात दिवसांच्या विशेष शिबिरात भाग घेतो. या पथकाला गावातील शंभर-दोनशे माणसांशी संबंध ठेवावा लागेल: सरपंच, शिक्षक, ट्रॅक्टर देणारे शेतकरी, स्वयंपाकाला येणाऱ्या बायका, श्रमदानाला येणारी तरुण मुले. एवढ्या सर्वांची नोंद ठेवायची कशी?

पहिला विचार असा येतो की एकच लांब तक्ता करावा. नाव, गाव, नंबर आणि पुढे प्रत्येक कार्यक्रमासाठी एक रकाना. पहिले वर्षभर हा तक्ता चालतो. पुढे कार्यक्रम वाढतात, रकाने वाढतात. एकाच माणसाचे नाव दोनदा येते. त्याचा नंबर एका ठिकाणी बदलतो आणि दुसऱ्या ठिकाणी जुनाच राहतो. म्हणून जाणते लोक एका वहीच्या तीन वह्या करतात. पहिल्या वहीत फक्त माणसे, प्रत्येक माणूस एकदाच. दुसऱ्या वहीत फक्त कार्यक्रम. तिसऱ्या वहीत या दोहोंचा संबंध: अमुक माणूस अमुक कार्यक्रमाला आला, आणि श्रोता म्हणून आला की स्वयंसेवक म्हणून. माणसाचा नंबर बदलला की तो पहिल्या वहीत एकदाच बदलावा, बाकी सर्व ठिकाणी तो आपोआप नवा दिसतो. संपर्क आणि कार्यक्रम यांचे कोणतेही सॉफ्टवेअर घेतले तरी त्याच्या पोटात या तीन वह्या सापडतात. बाकीची सर्व इमारत त्यांच्यावर उभी असते.

अशी सॉफ्टवेअरे जगात तयार आहेत. सेवाभावी संस्थांसाठी केलेले सिव्हीसीआरएम २००५ साली बाहेर आले. जिनिव्हाजवळच्या सर्न या अणुसंशोधन संस्थेत परिषदांची व्यवस्था ठेवण्यासाठी इंडिको नावाचे सॉफ्टवेअर २००४ च्या सुमारास वापरात आले. महाराष्ट्रातले उदाहरण पाहायचे तर पवईला जावे लागेल. तेथील आय.आय.टी.च्या विद्यार्थ्यांनी इन्स्टीॲप नावाचे ॲप केले आहे. संस्थेच्या आवारात आज कोठे कोणता कार्यक्रम आहे, तो कोणत्या मंडळाचा आहे, तेथे जायचे कसे, इतकेच नव्हे तर खाणावळीत आज काय आहे, हेही त्यात दिसते. ते विद्यार्थ्यांनीच लिहिले आणि त्याचा मूळ कोड सर्वांना पाहण्यासाठी खुला ठेवला. एक तुकडी पदवी घेऊन बाहेर पडली तरी दुसरीला ते काम उचलता येते, ते या खुलेपणामुळेच.

खुला कोड म्हणजे काय, हे येथे सांगितले पाहिजे. सॉफ्टवेअर म्हणजे संगणकाला दिलेल्या सूचनांची लांबलचक संहिता. बाजारात विकत मिळणाऱ्या बहुतेक सॉफ्टवेअरांची ही संहिता गुप्त असते. हलवाई मिठाई देतो, कृती देत नाही, तसे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली अमेरिकेत ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, ती या गुप्ततेच्या विरुद्ध होती. सॉफ्टवेअर कोणत्याही कामासाठी वापरावे, त्याची संहिता वाचावी, त्याच्या प्रती इतरांना द्याव्यात आणि त्यात सुधारणा करून त्याही वाटाव्यात, असे चार हक्क वापरणाऱ्याला असावेत, हे त्या चळवळीचे म्हणणे. हे हक्क परवान्यात लिहून दिलेले असतात. परवान्याशिवाय कोड नुसता दाखवून ठेवला तर इतरांना तो वाचता येईल, पण त्यात बदल करून पुढे वाटण्याचा अधिकार मिळणार नाही. म्हणून विद्यार्थ्यांच्या पथकाने पहिल्या दिवशीच परवाना निवडावा, हे उत्तम.

मग तयार सॉफ्टवेअर असताना त्यात भर घालण्याची गरज काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या नावांत, गावांत आणि सणांत आहे. परदेशात बेतलेल्या पुष्कळ अर्जांत पहिले नाव आणि आडनाव असे दोनच रकाने असतात. आपल्याकडे मधले नाव वडिलांचे किंवा पतीचे. २०२४ साली तर महाराष्ट्र शासनाने शासकीय कागदपत्रांत आईचेही नाव लिहिण्याचा निर्णय घेतला. दोन रकान्यांत हे बसवायचे कसे? मधले नाव कोणी पहिल्या रकान्यात लिहितो, कोणी दुसऱ्यात, कोणी गाळतो. आणि मग एकाच गावातले एकाच आडनावाचे दोन चुलतभाऊ संगणकाला एकच वाटू लागतात.

गावांचेही तसेच. वालूर हे नाव रोमन लिपीत लिहिताना कोणी 'व्ही' या अक्षराने सुरुवात करतो, कोणी 'डब्ल्यू'ने. देवनागरीतही कोणी लू दीर्घ लिहितो, कोणी ऱ्हस्व. माणसाला हे एकच गाव दिसते. संगणकाला तीन-चार दिसतात. तालुक्याच्या बाबतीत तर याहून मोठी फसगत आहे. सेलू तालुका परभणी जिल्ह्यात आहे, तसाच वर्धा जिल्ह्यातही आहे. यादीत नुसते 'सेलू' लिहिले आणि जिल्हा लिहिला नाही, तर परभणीकडचे निमंत्रण विदर्भात जाईल.

अक्षरांच्या क्रमाची गोष्टही गमतीची आहे. जगातील लिप्यांना संगणकात एकच सामाईक क्रमांकन मिळावे म्हणून युनिकोड ही पद्धत १९९१ साली प्रसिद्ध झाली. तीत देवनागरीला १२८ जागा आहेत. त्या जागांत 'ळ' हा 'ल'च्या लगेच पुढे बसला आहे. आपल्या शाळेतल्या वर्णमालेत मात्र तो 'ह'च्या नंतर येतो. 'क्ष' हे तेथे स्वतंत्र अक्षर नसून 'क' आणि 'ष' यांचे जोडाक्षर आहे. परिणामी यादी नुसत्या त्या क्रमांकांनुसार लावली तर क्षीरसागर हे आडनाव 'क'च्या घोळक्यात जाते, आणि ते शेवटी शोधणारा कार्यकर्ता म्हणतो, हे नाव यादीत नाही. वऱ्हाडातला 'ऱ' तर दोन रीतींनी साठवता येतो: एकसंध अक्षर म्हणून किंवा 'र' आणि खाली नुक्ता असा. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण सावधगिरी घेतली नसेल तर शोधताना एक सापडतो आणि दुसरा सापडत नाही. यावर उपाय आहेत. मराठीचा वर्णक्रम संगणकाला सांगण्याची सोयही झालेली आहे. परंतु ती सोय वापरली पाहिजे, हे मराठी वाचणाऱ्यानेच पथकाला सांगावे लागते.

आणि सण? दर वर्षी त्याच तारखेला कार्यक्रम पुन्हा लावण्याची सोय बहुतेक सॉफ्टवेअरांत असते. प्रजासत्ताकदिनाला ती ठीक आहे. महाशिवरात्र मात्र २०२४ साली ८ मार्चला होती, २०२५ साली २६ फेब्रुवारीला आणि २०२६ साली १५ फेब्रुवारीला. बारवेच्या दीपोत्सवाचे निमंत्रण तारखेच्या भरवशावर सोडले तर लोक पणत्या घेऊन भलत्याच दिवशी जमतील.

आता हातभार प्रत्यक्षात कसा लावतात, ते एका लहानशा चुकीच्या निमित्ताने पाहू. समजा, आपल्या पथकाच्या सॉफ्टवेअरमध्ये एकच मोबाईल नंबर तीन प्रकारे लिहिला गेला आहे: नुसते दहा अंक, त्यामागे शून्य, आणि त्यामागे अधिक एक्क्याण्णव. संगणकाने ही तीन माणसे धरली आणि एकाच घरी तीन निरोप गेले. ज्याच्या हे ध्यानात आले त्याने पहिल्यांदा चूक नोंदवावी. नोंदीत तीन गोष्टी असाव्यात: आपण काय केले, काय व्हायला हवे होते आणि काय झाले. 'सॉफ्टवेअर बरोबर चालत नाही' ही तक्रार झाली, नोंद नव्हे.

पुढे एखादी विद्यार्थिनी ते काम अंगावर घेते. ती मूळ कोडला हात लावत नाही. त्याची प्रत घेऊन त्यावर एक वेगळी फांदी काढते आणि बदल त्या फांदीवर करते. ही फांद्यांची व्यवस्था गिट नावाच्या साधनाने होते. लिनस टोरव्हाल्ड्स यांनी ते २००५ साली लिनक्सच्या कामासाठी लिहिले. कोणी, केव्हा, कोणती ओळ बदलली, याची पूर्ण नोंद ते ठेवते, त्यामुळे बदल चुकीचा ठरला तर पूर्वस्थितीला येता येते. आपली विद्यार्थिनी असा नियम लिहिते की नंबरातील मागचे शून्य आणि देशाचा अंक काढून दहा अंक ठेवावेत, आणि ज्यांचे दहा अंक जुळतील त्यांना एकच माणूस समजावे. ती तीन नमुने घालून पाहते; तीनांचे एक होते. मग ती आपली फांदी मूळ खोडात मिळवून घेण्याची विनंती पथकाकडे पाठवते.

येथे परीक्षणाची पायरी येते. दुसऱ्या कोणी तरी तो बदल ओळीने वाचायचा असतो. समजा, हा बदल काय करतो ते साध्या मराठीत लिहून गावातल्या एका शिक्षकांनाही दाखवले. त्यांना कोडचे अक्षरही कळत नाही. ते एवढेच विचारतात, "ज्या घरात सगळ्यांत मिळून एकच मोबाईल आहे, तिथे काय होईल?" या एका प्रश्नाने सारा नियम उलटतो. स्वयंपाकाला येणारी आई आणि श्रमदानाला येणारा मुलगा यांनी एकच नंबर दिलेला असतो. नव्या नियमाने ती दोघे एकच माणूस झाली असती, आणि नाव मुलाचे उरले असते. आई यादीतून नाहीशी झाली असती. पुढच्या शिबिराला तिला कोणी बोलावले नसते, आभाराच्या पत्रात तिचे नाव आले नसते, आणि हे घडले आहे याचा कोणाला पत्ताही लागला नसता. कारण संगणकाच्या दृष्टीने यादी पूर्वीपेक्षा स्वच्छ झाली असती.

मग विद्यार्थिनी बदल सुधारते. अंक पूर्वीप्रमाणेच एकसारखे करायचे, परंतु नंबर जुळला म्हणून माणसे परस्पर एकत्र करायची नाहीत. नावही जुळते का पाहायचे आणि शेवटी कार्यकर्त्याला विचारायचे. आई आणि मुलगा यांचा नमुना ती तपासणीत कायमचा घालून ठेवते, म्हणजे पुढे कोणी हा नियम बदलला तरी तीच चूक पुन्हा शिरताना पकडली जाईल. आता फांदी खोडात मिळते. या कामात मोठा वाटा कोणाचा, असे विचारले तर आम्ही तो शिक्षकांच्या प्रश्नाला देऊ. कोड लिहिणारे हात पुष्कळ मिळतात. घरात मोबाईल एकच आहे हे ठाऊक असणारा माणूस पथकात क्वचितच असतो.

म्हणून हातभार म्हणजे केवळ कोड, ही समजूत सोडली पाहिजे. पडद्यावरच्या सूचना नीट मराठीत लिहिणे हा हातभार आहे. 'सबमिट करा' याऐवजी 'पाठवा' लिहिले तर आजीबाईंनाही कळते. नवीन माणसाला सॉफ्टवेअर वापरता यावे म्हणून दोन पानांची माहिती लिहिणे हा हातभार आहे. बारवेच्या तळाशी मोबाईलला रेंज मिळत नसेल, तेव्हा उपस्थिती आधी कागदावर घेऊन मागून भरण्याची सोय असावी, ही सूचना करणे हाही हातभारच. गावाच्या नावाची शुद्ध रूपे जमवून देणे, जुन्या वह्यांतील नावे तपासून भरणे, चूक दिसली की तीन ओळींत ती नोंदवणे, यांपैकी कशालाही संगणकशास्त्राची पदवी लागत नाही.

विद्यार्थ्यांच्या पथकाला बाहेरच्या साथीची गरज आणखी एका कारणाने असते. विद्यार्थी टिकत नाही. सेवा योजनेतला स्वयंसेवक दोन वर्षांत मोकळा होतो, अभियंता चार वर्षांत. तरीही लांबची कामे विद्यार्थ्यांच्या हातून झाली आहेत. पवईच्या आय.आय.टी.तील विद्यार्थ्यांनी 'प्रथम' या उपग्रहाचे काम २००७ साली हाती घेतले आणि तो २६ सप्टेंबर २०१६ रोजी अवकाशात गेला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी २००८ साली आरंभलेला 'स्वयम्' हा एक किलोहून कमी वजनाचा उपग्रह २२ जून २०१६ रोजी सुटला. ज्यांनी पहिली आकृती काढली ते उड्डाणाच्या दिवशी विद्यार्थी राहिलेले नव्हते. काम टिकले ते लिहून ठेवल्यामुळे आणि जाणाऱ्याने येणाऱ्याला शिकवल्यामुळे. सॉफ्टवेअरचेही तसेच आहे. गावातली माणसे तीच राहतात आणि विद्यार्थी बदलतात. तेव्हा पूर्वी काय ठरले होते आणि का ठरले होते, याची स्मृती सांभाळण्यास गावानेही हात द्यावा. सॉफ्टवेअरची किल्ली, म्हणजे पासवर्ड, एकाच विद्यार्थ्याच्या मोबाईलमध्ये असता कामा नये, ही साधी शिस्तही येथेच सांगून ठेवतो.

शेवटी एक सावधगिरी. कोड सर्वांचा असावा, यादी सर्वांची असू नये. या दोन गोष्टींत गल्लत होते. तीन वह्यांची रचना जगाला दाखवा. वह्यांतली नावे मात्र ही विश्वासाने दिलेली ठेव आहे. कोडबरोबर खऱ्या माणसांचे नंबर चुकून प्रसिद्ध होता कामा नयेत. तपासणीला खोटी नावे वापरावीत. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा भारतात २०२३ साली झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात आणण्याचे ठरले. माहिती कशासाठी हवी ते सांगून संमती घ्यावी, त्याच कामासाठी ती वापरावी, संमती मागे घेता यावी, आणि अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांची संमती असावी, हा त्याचा मुख्य आशय. श्रमदानासाठी दिलेला नंबर निवडणुकीच्या प्रचाराला किंवा बियाण्यांच्या जाहिरातीला गेला, तर दुसऱ्या वर्षी गावकरी नंबर देणार नाहीत, आणि त्यांचे काही चुकणारही नाही. म्हणून अर्जात जितके कमी विचारता येईल तितके बरे. गाळ काढायला येणाऱ्याची जन्मतारीख कशाला हवी?

आपल्या गावात पुढच्या खेपेला विद्यार्थ्यांचे पथक येईल आणि मोबाईल पुढे करून नाव विचारील, तेव्हा नाव तर सांगावेच. पण त्यांनी ते कसे लिहिले, हेही वाकून पाहावे. चुकले असेल तर दुरुस्त करायला लावावे. तुमची यादी कोठे राहते, तुमच्यानंतर ती कोण सांभाळील, असे विचारावे. मुले या प्रश्नांना कंटाळणार नाहीत. जी मुले आपला कोड जगाला वाचायला देतात, त्यांना चूक दाखवणारा माणूस हवाच असतो.